पाय टेकला की नापास

एकतीस वर्षं मी खुर्ची टाकून बसलो
चुन्यानं आखलेल्या आठाच्या आकड्यासमोर,
तुर्भ्याला, ट्रकांच्या धुरळ्यात.
डोक्यावर छत्री, मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा,
आणि नियम एकच, पोरासोरांनाही पाठ:
पाय टेकला की नापास.

आता नेरुळला सिडकोच्या खोलीत
माझा टीव्ही बहुतेक बंदच असतो, म्हणून
वरच्या मजल्यावरच्या मढव्यांची जुई
(शाळेत तिला सगळे जुईनगर म्हणतात)
मामानं वाशीहून आणलेला जुना कन्सोल
वायरींसकट काखेत मारून येते.
एका कंट्रोलरचं बटण चिकट आहे.
तो पाहुण्यांसाठी. म्हणजे मला.

डिस्क घरघरते. पडद्यावर
पारसिकच्या खाणीसारखा लाल, उकरलेला डोंगर,
बावीस मोटारसायकली गेटमागे गुरगुरत,
एकीलाही आरसा नाही,
नंबरप्लेट धड नाही, पीयूसी तर सोडाच.
मी चष्मा पुसला.

गेट पडलं. पहिलंच वळण,
चिखल घोटाभर, आणि जुईच्या निळ्या स्वारानं
आतल्या बाजूचा पाय सरळ बाहेर काढला,
जमिनीला घासत नेला.
माझ्या तोंडून निघून गेलं, "नापास!"
पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली,
"आजोबा, पाय नाही काढला तर पडेल ना तो."

तेव्हा मला शेवंता नाखवा आठवली.
दिवाळ्याची. मासळीच्या टोपल्या न्यायला घेतलेली स्कूटर,
हँडलवर पूजेचा हार अजून वाळत होता.
तीनदा आली. तिन्ही वेळा आठाच्या पोटात,
ऐन वळणावर, चप्पल टेकली.
शेवटचा फॉर्म परत घेताना म्हणाली,
"साएब, टेकाचा नाय त देवानं पाय दिलाय कनाला?"
मागची रांग हसली. मीही हसलो बहुतेक,
आणि शिक्का मारला.
चौथ्यांदा ती आली नाही.

"घ्या, तुम्ही चालवा."
पहिल्या उंचवट्यावर पडलो. दुसऱ्यावरही.
कुंपणात घुसलो, उलट्या दिशेनं गेलो,
एकदा तर प्रेक्षकांत.
दर वेळी जुई एक बटण दाबायला सांगते
आणि मी गाडीसकट पुन्हा वाटेवर उभा,
कपड्यांवर डाग नाही.
नवा अर्ज नाही, फी नाही,
सात दिवसांनी या, असं खिडकीतून कुणी सांगत नाही.

मग एकदा जमलं.
चढावर रेस पिळली, टोकाशी दांडी मागे ओढली
आणि दोन्ही चाकं हवेत.
या स्थितीबद्दल मोटार वाहन नियमांत
एक ओळही नाही. मला नियम पाठ आहेत.
खाली ट्रॅक सुतळीएवढा.
"आता रेस देऊ नका," जुई म्हणाली,
"वर तिचा काही उपयोग नसतो.
कुठे उतरायचं तेवढं बघा."
उतरलो तेव्हा कंट्रोलर हातात थरथरला.
माझे हात तसे दोन वर्षांपासून थरथरतातच.
त्या क्षणी कुणाचं काय, वेगळं करता आलं नाही.

रविवारी तिनं माझ्यासाठी नवा स्वार बनवला,
हेल्मेट पिवळं. "नाव काय टाकू?"
मीच टाकलं. एकेक अक्षर काडीनं ढकलत, इंग्रजीतच टाकावं लागतं,
शेवटच्या ए-साठी पार पहिल्या घरापर्यंत परत यावं लागलं.

बाविसांत सोळावी आली शेवंता.
तक्त्यात वेळ होती, फेऱ्या होत्या,
किती वेळा पडली तेही होतं.
पास-नापासचा रकाना मी दोनदा शोधला.

"ही कोण?" जुईनं विचारलं.
"होती एक," मी म्हटलं. "वळण चांगलं घ्यायची."

वरून तिच्या आईची हाक आली.
"अजून एकच," जुई ओरडली,
आणि गेट पडलं.